सहावी गाडी

ल्याव तिएन-शेंगला काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालं की उलट तो जरा गोंधळायचा, कारण मग त्याच एका गोष्टीची काळजी करावी लागे आणि बाकीच्या उगाच पडून राहत. शिलुओच्या भाजीबाजारामागे, सोया सॉसच्या रांजणांचा वास जिथवर येतो त्या गल्लीत, त्याचं बत्तीस वर्षांचं गॅरेज. कोबी-मुळे वाहणारे छोटे ट्रक दुरुस्त करणं हा धंदा आणि दुरुस्त करून दिलेल्या ट्रकांची चिंता करणं हा जोडधंदा. गाडी नेऊन दोन दिवस झाले की त्याचा फोन जायचा.

"आवाज येतोय का?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग ठीक आहे," असं म्हणून तो फोन ठेवायचा आणि अजिबात आवाज कसा येत नाही याचा विचार करत बसायचा. गिऱ्हाइकं हसायची, पण गाडी त्याच्याकडेच आणायची. आपल्या वाटणीची काळजी परस्पर करून टाकणारा माणूस सोडतो कोण?

बायको मे-श्वे याच्या अगदी उलट. भूकंपाचा धक्का बसला तरी आधी गॅस बंद करून, चपला घालून, मग बाहेर येणारी. गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर लसूण सोलत बसायची आणि नवऱ्याच्या काळजीतली अर्धीअधिक तिथल्या तिथे निकालात काढायची. उरलेली अर्धी मात्र चिवट असायची.

अशा माणसाच्या भाच्याचं लग्न ठरलं.

भाचा पो-येन, म्हणजे तिएन-शेंगच्या थोरल्या बहिणीचा, ह्वे-चूताईचा मुलगा. नवरी नदीपलीकडच्या पेइतोउची. आमच्याकडे नवरी आणायला सहा गाड्या जातात. पाच नाहीत, कारण सगळं जोडीनं लागतं. चार तर नाहीतच, आमच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार सारखाच, म्हणून तो आकडाच मरणाचा. दोन नेल्या तर लोक विचारतात, बाकीचे रुसले का? म्हणून सहा. ताईचे यजमान कुन-शान यांचं खताचं दुकान असल्यामुळे ओळखी भरपूर. त्यांनी पाच काळ्या चकचकीत गाड्या गोळा केल्या होत्या आणि सहावी तशीच भाड्यानं आणणार होते. पण ताईनं सांगितलं, "सहावी शेंगची."

"शेंगची गाडी सिग्नलला झोपते," भाऊजी म्हणाले.

"झोपू दे. पो-येन त्याच गाडीत जन्मता जन्मता राहिला. वादळात झाडं पडत होती, तुम्ही तायपेइला खतांच्या प्रदर्शनात होतात, आणि शेंगनं मला दवाखान्यात पोचवलं. तीच गाडी जाईल."

प्रदर्शनाचा विषय निघाला की भाऊजी वाद सोडून देत. एकोणतीस वर्षं त्यांचे सगळे वाद असेच सुटत आले होते.

पण भाऊजी खोटं बोलत नव्हते. ती निळी गाडी सिग्नलला खरंच झोपायची. इंजिनाला श्वास लागतो, आणि तो चार नळ्यांतून आत नेणारा अॅल्युमिनियमचा जो पंजा इंजिनाच्या कुशीला चिकटलेला असतो तो इनटेक मॅनिफोल्ड. तीस वर्षं गरम-गार होऊन या गाडीचा पंजा वाकला होता आणि एका कानाजवळ तडकला होता. त्या फटीतून इंजिन चोरून हवा ओढायचं. गाडी रस्त्यानं जोरात असली की काही कळायचं नाही. उभी राहिली की दम्याच्या माणसासारखी धाप लागायची, मग खोकला, मग डोळे मिटायचे. आणि गरम असताना एकदा डोळे मिटले की पुन्हा उघडायला दहा-दहा मिनिटं मिनतवारी. तिएन-शेंगनं ती फट तीनदा लुकण भरून बुजवली होती. लोकांच्या गाड्या आधी, आपली मागून, असं करत करत तीन वर्षं गेली होती.

आता मागून म्हणायची सोय राहिली नाही. त्यानं चांगह्वाच्या भंगारवाल्याकडून तसाच, पण सरळ मॅनिफोल्ड शोधून आणला. इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसतं ते कागदी पॅकिंगही आणलं. दुकानदाराच्या खणातलं ते शेवटचं होतं. दोन्ही वस्तू फळीवर ठेवल्या आणि रोज बघू लागला. हात लावला आणि बिघडलं तर? हात लावला नाही आणि बिघडलं तर? या दोन 'तर'च्या मध्ये पंधरा दिवस गेले. रविवारी लग्न, शनिवारी सकाळी मे-श्वेनं फळीवरचा मॅनिफोल्ड उचलून गाडीच्या टपावर ठेवला आणि म्हणाली, "आता याची आणि तिची गाठ घालून द्या, नाहीतर उद्या पो-येनचं लग्न व्हायचं आणि यांचं राहायचं."

काम तसं बरं चाललं. पाणी काढलं, वायरी सोडल्या, नळ्या सोडल्या. मॅनिफोल्डचे खालचे नट दिसत नाहीत, तिथे बोटांना डोळे फुटावे लागतात. गंजलेला नट सुटताना आतला दांडाच तुटेल, या भीतीनं तो प्रत्येक नटाला श्वास रोखून धरायचा. एकही दांडा तुटला नाही. हे त्याला फारसं आवडलं नाही. एवढं सरळ चाललंय म्हणजे पुढे काहीतरी आहे.

मॅनिफोल्ड निघाला की इंजिनाच्या अंगावर चार भोकं उघडी पडतात, शेजारी पाण्याचं एक पाचवं. जुन्या पॅकिंगची चिकटलेली खरपुडी खरवडायची असते आणि तिचा कण आत जाता कामा नये, म्हणून आधी भोकं बंद करायची. तिएन-शेंग एरवी चिंध्या कोंबायचा. पण लग्नाच्या गाडीत चिंध्या कशा कोंबायच्या, असं मनात येऊन तो समोरच्या चुंगकाकांकडे गेला. चुंगकाका त्र्याहत्तर वर्षांचे, धंद्यातलं जुनं खोड. त्यांच्याकडे स्वतः कातरलेली रबरी बुचं होती, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. काका देवळाच्या सहलीला निघाले होते. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पिवळी टोपी. बस हॉर्न वाजवत होती. त्यांनी बुचांचा बिस्किटाचा डबा त्याच्या हातात दिला आणि "धुऊन परत दे" एवढं म्हणून ते गेले.

बुचं मारत असतानाच ताईचा फोन आला. गाडीला बांधायची फीत लाल की गुलाबी? तिएन-शेंगनं एका हातानं फोन धरला, एका हातानं बुचं दाबली आणि तोंडानं लाल म्हणाला. मग खरवडणं झालं, पुसणं झालं, पोलादी पट्टी आडवी लावून पातळी बघून झाली. बुचं काढली, डब्यात टाकली, नवं पॅकिंग दोन्ही बाजूंनी गोंद लावून बसवलं, नवा मॅनिफोल्ड चढवला, मधल्या नटापासून बाहेर असं दोन टप्प्यांत आवळलं. दुपारचे तीन वाजले. आता बुचं धुवावीत आणि मग इंजिन चालू करावं म्हणून तो नळाखाली बसला.

एक. दोन. तीन. पाच. सहा.

त्यानं डबा उलटा केला. डब्यात काही नव्हतं. पुन्हा मोजलं. चार नंबरचं बूच नव्हतं.

"मे-श्वे, सकाळी मी बुचं किती मारली?"

"मारली तेवढी."

"पाच की सहा?"

मे-श्वेनं लसणाची पाकळी हातातच धरली. "एका हातात फोन होता, एका हातात बूच. सहा असावीत."

"असावीत की पाहिलंस?"

"पाहिल्यासारखं वाटतंय."

 भोकं पाच. पण मॅनिफोल्डच्या पुढच्या बाजूला हवा घेणारं मोठं तोंडही होतं. तिथं त्यानं काही लावलं होतं का? लावलं असेल. नसेलही. फीत लाल म्हणालो एवढंच नक्की आठवतंय. एक बूच आत राहिलं असेल आणि चावी फिरवली, तर इंजिन पहिल्याच श्वासाला ते ओढून घेणार, रबर जाऊन झडपेत अडकणार, आणि मग ती झडप वाकणार. मग उद्या पाच गाड्या. पेइतोउच्या दारात पाच गाड्या घेऊन उभं राहायचं आणि ताईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

चुंगकाकांनी मुळात चार नंबर केलाच नसेल, हा विचार त्याला शिवला नाही असं नाही. शिलुओत चार टाळणारी माणसं घरोघर. पण चुंगकाका? ज्यांच्या जुन्या ट्रकच्या पाटीवर चाराचे तीन आकडे शेजारी शेजारी होते, जे ती पाटी मुद्दाम मागून घेतल्याचं सांगत आणि कुणी नाक मुरडलं की म्हणत, "बत्तीस वर्षं चालवतोय, मेलो का?" ते काका एका बुचावर चार घालायला घाबरतील? छे.

त्यानं काकांना फोन लावला. समोरच्या बंद शटरमागे घंटी वाजू लागली. काका फोन घरीच ठेवून देवदर्शनाला गेले होते. तिएन-शेंग फोन कानाला लावून, शटरकडे बघत, घंटी संपेपर्यंत उभा राहिला. न जाणो, आतून कुणी उचलेलही.

"आत नसेलच ते," मे-श्वे म्हणाली.

"नसेल तर प्रश्नच नाही."

"मग?"

"असेल तर?"

 मे-श्वेनं लसणाची सुपली बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या हातात पान्हा दिला. लग्नाला चौतीस वर्षं झाली की माणसाला कळतं, कुठे समजूत घालायची आणि कुठे पान्हा द्यायचा.

पुन्हा पाणी काढलं, पुन्हा वायरी, पुन्हा आंधळे नट. मॅनिफोल्ड ओढला तेव्हा फर्रकन आवाज झाला. गोंदानं दोन्हीकडे घट्ट धरलेलं पॅकिंग मधूनच फाटलं. अर्धं इंजिनाला, अर्धं मॅनिफोल्डला. दुकानदाराच्या खणातलं शेवटचं.

आत बूच नव्हतं. टॉर्च लावून पाहिलं, तार घालून पाहिलं, मॅनिफोल्ड खुळखुळ्यासारखा कानाशी हलवून पाहिला. मे-श्वे कपाटाखाली झाडू घालून आली; तिला तीन वर्षांपूर्वी हरवलेला दहाचा पान्हा सापडला. एरवी त्या दिवशी घरात गोडधोड झालं असतं. तिएन-शेंगनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो इंजिनापुढे उकिडवा बसून राहिला. बूच आत नाही, बाहेर नाही, मग आहे कुठे?

उन्हं उतरायला लागल्यावर बस आली. चुंगकाका पिवळी टोपी घालून, हातात अननसाच्या मिठाईचा पुडा घेऊन, बुचांच्या आधी चहा मिळतो का हे बघायला आत शिरले आणि उघडं इंजिन बघून दारातच थांबले.

"अजून सुरूच आहे?"

"काका, तुमचं चार नंबरचं बूच हरवलं. मी भरून देईन. पण ते सापडत नाही, आत गेलं की काय..."

"चार नंबरचं?" काका म्हणाले. "मी कधी केलं चार नंबरचं?"

 नळ ठिबकत होता.

"तुम्ही?" तिएन-शेंगला शब्द सापडेना. "अहो, तुमच्या ट्रकवर तीन चौके आहेत."

"ट्रक माझा आहे. व्हायचं ते माझं होईल." काका स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "ही बुचं लोकांच्या इंजिनात जातात रे. दुसऱ्याच्या इंजिनात मरण कसं घालू मी?"

तिएन-शेंगला रागवायचं होतं, पण हे बोलणं रागवण्याजोगं नव्हतं. शिवाय त्याची पंचाईत निराळीच होती. गेली बत्तीस वर्षं या गॅरेजात इंजिनाचे सिलिंडर पहिला, दुसरा, तिसरा आणि भिंतीकडचा, असे मोजले जात होते. कपाटाचे खण तीननंतर पाच. फोन नंबरात चार येऊ नये म्हणून त्यानं सहा महिने वाट पाहिली होती. एवढं करून दुसराही कुणी चार गाळत असेल, हे त्याला तीन तासांत एकदाही पटलं नव्हतं. मे-श्वे तोंडावर पदरासारखा एप्रन धरून आत निघून गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि ती मोकळेपणानं हसली.

हसून झालं तरी पॅकिंग फाटलेलंच होतं. शनिवारची संध्याकाळ, दुकानं बंद. दुसरी गाडी मागायची तर रविवार पंचांगात इतका चांगला की जिल्ह्यातली चालती प्रत्येक बरी गाडी कुणाच्या ना कुणाच्या वरातीत होती.

"माझा ट्रक घेऊन जा," चुंगकाका म्हणाले.

तिघांनी समोर उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं. ट्रकनं तिघांकडे पाहिलं. विषय पुढे गेला नाही.

"मग हातानं काप," काका म्हणाले. "तुझ्या उस्तादानं शिकवलं नव्हतं?"

शिकवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, जेव्हा तयार पॅकिंग मिळायला जपानहून आठवडे लागायचे तेव्हा. फळीवर पॅकिंगच्या कागदाची एक जुनी गुंडाळी होती. तिएन-शेंगनं मॅनिफोल्ड उताणा ठेवला, त्यावर कागद पसरला, काकांनी दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरला आणि त्यानं गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्यायला सुरुवात केली. खाली धातूची धार असते. ठोका बसला की कागद त्या धारेवर आपोआप कापला जातो. ठोका जड झाला तर धारेला खोच पडते, हलका झाला तर कागद लोंबतो. टिक, टिक, टिक. मध्येच फोन वाजला. ताई.

"शेंग, झाली ना रे गाडी?"

"झाली, झाली."

"हा टिकटिक आवाज कसला?"

"मे-श्वे मांस कुटतेय."

"एवढं हळू? चिवट राहील ते," असं म्हणून ताईनं फोन ठेवला. खोटं बोलल्याचा घाम तिएन-शेंगनं बाहीला पुसला आणि हातोडी घेतली. पाण्याच्या भोकाजवळची पट्टी अगदी चिंचोळी होती, बोटाच्या नखाएवढी. तिथं त्यानं हातोडी उचलून तशीच धरली. काकांनी कागदावरचा एक तळवा उचलला आणि त्याच्या मनगटाखाली टेकू दिला.

पॅकिंग झालं. तेलाचा हात लावून बसवलं, मॅनिफोल्ड दुसऱ्यांदा चढला. चावी फिरवली. इंजिन चालू झालं, आणि राहिलं. तिएन-शेंगनं जोडाच्या कडेनं फवारा मारून पाहिला. कुठून हवा शिरत असेल तर इंजिनाचा सूर बदलतो. सूर बदलला नाही. त्यानं दुसऱ्यांदा फवारलं. तिसऱ्यांदा बाटली मे-श्वेनं काढून घेतली. हातानं कापलेलं पॅकिंग तापून निवलं की थोडं बसतं, नट सैलावतात, म्हणून सकाळी पुन्हा आवळायचे ठरवून शटर खाली ओढलं. शटर ओढल्यावर काकांनी आणलेली मिठाई आतच राहिल्याचं लक्षात आलं. कुणी शटर परत उघडलं नाही.

रविवारी सकाळी नट आवळून त्यानं चावी फिरवली, तर पहिल्या सेल्फला इंजिन लागलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला लागलं. यात काही विशेष नव्हतं. पेट्रोल नळीतून मागं गेलेलं असतं, यायला वेळ लागतो. हे गिऱ्हाइकाला सांगताना त्याला नेहमी पटायचं. आज पटेना. त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं: नवरी घरात येईपर्यंत हे इंजिन बंद करायचं नाही.

सहा गाड्या निघाल्या. पहिलीच्या टपावर शकुनाचा म्हणून मुळासकट उपटलेला हिरवा बांबू, सगळ्यांच्या आरशांना लाल फिती. पाच काळ्या, मागे एक निळी. लाल लोखंडी पुलावर पहिल्या गाडीनं फटाके लावले. धूर मागच्या गाड्यांवर येत होता आणि तिएन-शेंग काच खाली करून, डोकं बाहेर काढून, फटाक्यांच्या आवाजातून आपलं इंजिन ऐकत होता.

"काच वर घ्या," मे-श्वे म्हणाली. "नव्या पोलक्याला वास लागेल."

"तुला काही ऐकू येतंय?"

"फटाके."

पेइतोउला नवरीच्या दारात सगळ्या गाड्या बंद झाल्या. निळी सुरूच. आतले विधी पाऊण तास चालले. नवरीचे आजोबा काठी टेकत बाहेर आले, निळ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि खिडकीशी वाकले.

"घाई आहे का?"

"नाही नाही."

"मग बंद करा की. चहा घ्या आत येऊन."

"बॅटरी भरतोय," तिएन-शेंग म्हणाला. कालपासूनचं हे तिसरं खोटं. आता त्याचा हात बसायला लागला होता. आजोबांनी मान हलवली आणि चहा बाहेर पाठवला. तिएन-शेंग तो स्टिअरिंगवर टेकवून प्यायला, दुसरा हात डॅशबोर्डवर, म्हणजे इंजिनाची थरथर कळत राहावी.

नवरी एका काळ्या गाडीत बसली, गाडी हलताच रीतीप्रमाणे तिनं खिडकीतून हातातला पंखा खाली टाकला, तिच्या वडिलांनी गाडीमागे पाणी ओतलं. आल्या रस्त्यानं परत जायचं नसतं, म्हणून येताना मोठ्या रस्त्यानं, दुसऱ्या पुलानं. आणि मोठ्या रस्त्यावर तो सिग्नल लागला. लाल. शेजारी आकडे: नव्वद.

आतापर्यंत इंजिन चांगलं तापलं होतं. हीच ती अवस्था, याच अवस्थेत ती झोपायची. नव्वदाचे ऐंशी झाले. तिएन-शेंगनं पंखा बंद केला, गाणं बंद केलं, मे-श्वेचा श्वासही बंद करता आला असता तर केला असता. सत्तर. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा हलला की नजर हलली? पन्नास. पुढच्या काळ्या गाडीतून भाऊजींनी मागे वळून पाहिलं. तिसावर बाजूच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला आणि तिएन-शेंगच्या काळजाचा ठोका चुकला. इंजिनाचा मात्र चुकला नाही. दहा. पाच. हिरवा. सगळ्या गाड्या हलल्या. निळी हलली नाही, कारण तिएन-शेंग अजून ऐकत होता.

"चला," मे-श्वे म्हणाली. "मागचे शिव्या देतायत, आणि त्या आपल्या पाहुण्यांना लागतील."

ताईच्या दारात नवरी उतरली, रीतीप्रमाणे उंबऱ्यातली पेटती शेगडी ओलांडून आत गेली. सहा गेल्या, सहा आल्या. मांडव रस्त्यावरच घातलेला, लाल टेबलं मांडलेली. काळ्या गाड्या पलीकडच्या शेतात जाऊन उभ्या राहिल्या. निळी मांडवाच्या तोंडाशी, सुरूच. इथं बंद केली आणि पुन्हा लागलीच नाही, तर लग्नाच्या दारात मेलेली गाडी. म्हणून शेतात नेऊ, म्हणजे तिथं बंद करता येईल. पण शेतात रुतली तर? तो बसून राहिला. अर्धा तास गेला. टेबलं भरली, थंड पदार्थांची ताटं आली, आणि तशीच राहिली. कुणी जेवायच्या काड्या उचलेना. आमच्याकडे नवऱ्या मुलाचा मामा मुख्य जागेवर बसल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. दोनशे माणसं ताटांकडे बघत होती आणि मामा गाडीत बसून काट्याकडे बघत होता.

शेवटी ताई बाहेर आली. अंगावर लाल पोशाख, छातीवर फूल.

"शेंग, लोक उपाशी बसलेत."

"येतो. जरा थंड होऊ दे."

"सुरू ठेवून थंड होते?"

 तिएन-शेंगनं एका दमात सगळं सांगून टाकलं. बूच, फाटलेलं पॅकिंग, हातोडी, मांस नव्हतंच ते. "बंद केली आणि लागली नाही तर, ताई?"

ताईनं ऐकून घेतलं. मग खिडकीत दोन्ही कोपर टेकले, अगदी नवीन पोशाख असूनही.

"तर इथंच उभी राहील. भाज्या ठेवू टपावर. सून घरात आलीय, शेंग."

त्यानं चावीवर हात ठेवला. इंजिन सरळ, एका सुरात चाललं होतं. त्यानं चावी फिरवली. एकदम एवढं शांत झालं की मांडवातल्या पोरांचं भांडण स्पष्ट ऐकू आलं. ताईनं दार उघडून धरलं.

तो मुख्य जागेवर बसला, त्यानं काड्या उचलल्या, आणि दोनशे जणांच्या काड्या ताटांत उतरल्या. मासा आला तेव्हा आचाऱ्याचा माणूस टेबलाशी येऊन म्हणाला, "निळी गाडी कुणाची? आमचा बर्फाचा टेम्पो अडलाय. दहा हात मागे घ्या."

 भाऊजींनी घास थांबवला. तिएन-शेंग उठला, तोंड पुसलं, गाडीत बसला. मांडवाच्या कनातीआडून मे-श्वेचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यानं चावी फिरवली. पहिल्या सेल्फला लागली.

त्यानं गाडी दहा हात मागे घेतली, टेम्पो गेला. मग तो क्षणभर तसाच बसला. ऐकत नव्हता, नुसता बसला होता. मग कुणी सांगायच्या आत त्यानं स्वतःच चावी काढली, खिशात टाकली आणि परत येऊन बसला. मासा संपला होता. मानाचं डोकं तेवढं मामासाठी ठेवलं होतं.